अमोनियाला घाई लावणारं लोखंड

हवेत 78 टक्के नायट्रोजन, पण हायड्रोजनशेजारी आणून ठेवला तरी ढिम्म हलत नाही. त्याच्या रेणूतला तिहेरी बंध फार चिवट. तापवलं की रेणू जोरात आदळतात, बंध तुटतात आणि अभिक्रिया वेग घेते. मेख पुढेच आहे: अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापमान जितकं चढवावं तितकं पदरात कमी पडतं. दाब वाढवला तर वेगही वाढतो आणि उत्पादनही. फक्त तो सोसणारी पोलादी भांडी हवीत.

उरला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेला घाई लावणारा पदार्थ. 1909 साली कार्ल्सरूहला फ्रिट्झ हाबर यांनी ऑस्मियम वापरून थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला. पण ऑस्मियमसारखा दुर्मीळ धातू आणायचा कुठून? मग ‘बीएएसएफ’ कंपनीत आल्विन मिटाश यांच्या चमूने हजारो चाचण्या केल्या आणि बाजी मारली स्वीडनच्या एका लोहखनिजाने. गंमत म्हणजे शुद्ध लोखंड फिकं पडलं होतं. ॲल्युमिना, पोटॅश अशी चिमूटभर भेसळच कामी आली. 1913 मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यातला अमोनियाही नायट्रोजन-हायड्रोजनच्या याच अभिक्रियेतून येतो.

या लोखंडाला विषबाधाही होते! वायूत गंधकाचा अंश राहिला तर तो पृष्ठभागावरच्या मोक्याच्या जागा अडवतो आणि वेग घसरतो. म्हणून वायू आधी कसून शुद्ध करतात. एकदा चिकटलेलं गंधक सहसा निघत नाही. मग उत्प्रेरकच बदलावा लागतो.