आंत्रपुच्छशोथ

उंडुकाच्या (लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते तेथील पिशवीसारख्या भागाच्या) तळाशी सुमारे ८-९ सेंमी. लांबीची, एका टोकास बंद असलेली नळी असते. तिला आंत्रपुच्छ व तिच्या दाहयुक्त सुजेस आंत्रपुच्छशोथ म्हणतात. व्यवहारात ‘अपेंडिक्स झाले’ असे म्हणतात. पण अपेंडिक्स हे रोगाचे नसून अवयवाचे नाव आहे. हा विकार १० ते ३० वर्षे वयात विशेष आढळतो.

कारणे : नळीचा अरुंद मार्ग कोंडणे हे पुष्कळ रुग्णांतील मूळ कारण होय. मुलांत व तरुणांत नळीच्या भित्तीतील लसीकाभ ऊतक सुजल्याने, तर प्रौढांत बहुधा मळाचा वाळलेला खडा अडकल्याने मार्ग बंद होतो; क्वचित जंत वा अर्बुद कारणीभूत असते. फळांच्या बिया गिळल्याने हा विकार होतो अशी समजूत रूढ आहे. परंतु तशी उदाहरणे अगदी विरळ आहेत. मार्ग कोंडला तरी आतील स्राव चालूच राहतो. त्यामुळे दाब वाढतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि आतड्यातील सूक्ष्मजंतू भित्तीत शिरतात.

प्रकार : साधा, पूययुक्त, कोथयुक्त (भित्ती कुजलेला) व छिद्रित असे तीव्र विकाराचे प्रकार मानतात. पुष्कळदा त्या एकाच प्रक्रियेच्या पायऱ्या असतात. मात्र प्रत्येक रुग्णात त्या क्रमाने येतातच असे नाही. भोवतालची आतडी चिकटून कधी गोळा किंवा विद्रधी (गळू) तयार होतो. चिरकारी प्रकार विरळ असून जुन्या पोटदुखीस सरसकट हे नाव देणे योग्य नव्हे.

लक्षणे : वेदना प्रथम बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली स्थिरावते. अन्नावरची वासना जाते. ओकारी व बेताचा ताप येतो. पुच्छ उंडुकामागे असल्यास कुशीत दुखते, श्रोणीत उतरलेले असल्यास लघवीच्या तक्रारी उद्‌भवतात. लहान मुले, वृद्ध व गर्भवती यांत निदान विशेष अवघड असते. तीव्र वेदना एकाएकी थांबणे हे नेहमीच शुभचिन्ह नसते. पुच्छ फुटल्यावरही काही काळ आराम वाटतो व नंतर पर्युदरशोथ होतो. म्हणूनच अशा पोटदुखीत एरंडेल किंवा अन्य रेचक देण्याची घरगुती प्रथा घातक ठरते.

उपचार : शस्त्रक्रियेने पुच्छ काढून टाकणे हा प्रस्थापित उपचार होय. येरवडा तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ रोजी रात्री कर्नल मॅडॉक यांनी ही शस्त्रक्रिया केली. निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते असूनही गांधींनी तीस संमती दिली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली व ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. त्या काळी प्रतिजैव औषधे उपलब्ध नव्हती. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची मुक्तता केली.

१९८० मध्ये जर्मनीत कुर्ट झेम यांनी उदरदर्शकाच्या साहाय्याने पुच्छ काढले; ती पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. गुंतागुंत नसलेल्या निवडक रुग्णांत केवळ प्रतिजैवांनीही विकार शमतो. तथापि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत अशा सुमारे ४० टक्के रुग्णांत पाच वर्षांच्या आत तो पुन्हा उद्‌भवल्याचे आढळले.