परळच्या पिंजऱ्यांतलं उत्तर

पुण्याची मंडई १८८६ साली सुरू झाली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांतच शहरात प्लेग शिरला. १८९७च्या झडत्या, रस्त्यावर फेकलेलं सामान, छावण्या आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. पण घराघरांत सोजीर घुसले तेव्हा गाठीचा ताप पसरतो कसा, हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. ती उकल मुक्या प्राण्यांच्या जिवावर झाली आणि तिचा मागोवा आपण फारसा घेत नाही, याची मला खंत वाटते.

मुंबईत जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली. लस लागू पडते का, हे सशाने सांगितलं. रोगाची वाट मात्र त्याला सांगता आली नाही. १८९८मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर सिमोंड यांनी पिसवांमार्फत आजारी उंदराचा प्लेग निरोगी उंदराला झाल्याचं दाखवलं, पण फार थोड्यांनी विश्वास ठेवला.

खात्री पटली ती १९०५नंतर, मुंबईतल्या परळला. तिथल्या संशोधकांनी आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसतील तर अंगाला अंग घासूनही रोग लागेना. पिसवा सोडल्या की लागण सुरू. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी वाचले. प्लेगच्या घरांत मोकळे सोडलेले गिनीपिग तर पिसवांचे सापळेच ठरले. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या बांधणाऱ्या लोकांचा अनुभव इथे खरा ठरला.

पण प्राण्याची निवडही उत्तर बदलते. मुंबईचे उंदीर साथीमागून साथी सोसून चिवट झाले होते. जिथे प्लेग पोहोचलाच नव्हता, तिथले उंदीर चटकन मरत. म्हणून गल्लीतला उंदीर लसीच्या मोजमापाला चालेना. १९३२ साली परळच्याच हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेल्या साहिबसिंग सोखी यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या एकसारख्या पांढऱ्या उंदरांवर लसीची ताकद मोजली. सल्फाथायझोलचा गुणही आधी याच उंदरांत दिसला, मग ते औषध रोग्यांपर्यंत गेलं.