जुन्या वर्तमानपत्रांत शोधूया मोटारीची गोष्ट

तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईला टॅक्सी चालवायला किंवा कारखान्यात कामाला गेलेलं असेल. आम्ही मुलुंडच्या बायका. आमच्या मुलुंडमधून लालबहादूर शास्त्री मार्ग जातो. त्याच रस्त्यावर, खाली कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता. ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आपण सरसकट ‘फियाट’ म्हणायचो, ती याच कंपनीची. आता ती रस्त्यावर दिसत नाही. मग तिची, आणि तिच्यावर घर चालवणाऱ्या माणसांची गोष्ट शोधायची कुठे? जुन्या वर्तमानपत्रांत. कसं, ते आज सांगतो.

आधी गोष्ट थोडक्यात ऐका. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या इथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ‘अकराशे डिलाइट’ आली आणि पुढच्या दशकात तिचंच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. मुंबईत टॅक्सीचं वय २० वर्षं धरतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सीचा निरोप झाला.

ही झाली मोठी गोष्ट. बारीक गोष्टी वर्तमानपत्रात सापडतात, पण फक्त पहिलं पान पाहून भागत नाही.

जाहिराती बघा. नवी गाडी आली की कंपनी मोठी जाहिरात देई. त्यात गाडीचं चित्र, विक्रेत्याचा पत्ता, कधी किंमतही असे. मग ‘विकणे आहे’ असे छोटे रकाने वाचा. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुन्या गाडीलाही चांगला भाव येई. सरकारनं १९६९ मध्ये मोटारींच्या किमती ठरवून दिल्या आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. अशा वेळी बातमी, अग्रलेख आणि वाचकांची पत्रं तिन्ही वाचली, तर कुणाचं काय म्हणणं होतं ते कळतं.

कात्रण हाती आहे, पण तारीख फाटलेली आहे, असं बरेचदा होतं. त्यावरही उपाय आहे. किंमत आण्यांत असेल तर कात्रण बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर ते १९५७ ते १९६४ मधलं असण्याचा संभव जास्त. फोटोतल्या गाडीच्या पाटीवर ‘एमएच’ असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. शोधताना जुनी नावंही आठवा. आमचा शास्त्री मार्ग तेव्हा आग्रा रोड होता. आजचंच नाव शोधत बसलात तर निम्म्या बातम्या हातातून सुटतील.

छापलं म्हणजे घडलंच, असंही धरू नका. ‘लवकरच येत आहे’ म्हणून छापलेली गाडी खूप उशिरा आलेली असू शकते. जाहिरात स्वतःचं कौतुकच करणार. म्हणून एक गोष्ट निदान दोन ठिकाणी ताडून बघा. वहीत वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान आणि रकाना लिहा. त्याशिवाय तुमचा शोध दुसरीला तपासता येणार नाही.

हे अंक कुठे मिळतात? मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाऊन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. मुलुंडला लागून ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ते १८९३ पासूनचं. तुमच्या भागात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या जुन्या वाचनालयांत चौकशी करा. जाण्याआधी काय हवं ते आणि कोणत्या वर्षांतलं ते सांगून ठेवा. जुना कागद पापडासारखा मोडतो. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, आणि फोटो परवानगी घेऊनच काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्तमानपत्रात मालकाचं नाव येतं, मंत्र्याचं येतं, किंमत येते. कामगार येतो तो बहुतेक संपाच्या बातमीत. रात्रपाळी करून टॅक्सी चालवणारा क्वचितच येतो. आणि त्यानं पाठवलेल्या मनीऑर्डरवर गावी शेत आणि मुलं सांभाळणारी बाई तर जवळजवळ नाहीच. तिची गोष्ट फक्त तिच्याकडे आहे. ती आज सत्तरी-ऐंशीची आहे. ती गेली की कोणत्याच ग्रंथालयात ती सापडणार नाही.

म्हणून दोन्ही कामं जोडीनं करा. आजीला साल विचारू नका, ते तिला आठवणार नाही. ‘धाकटा तेव्हा रांगत होता का? त्या वर्षी दुष्काळ होता का?’ असं विचारा. तिनं सांगितलेल्या खुणेवरून वर्ष काढा आणि त्या वर्षाचे अंक वाचा. ट्रंकेतला टॅक्सीपुढचा फोटो, परवान्याचा कागद, मनीऑर्डरची पावती जपून ठेवा.

मोटारच हवी असंही नाही. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. तुमच्या गावात पहिली एसटी कधी आली? ती आल्यावर मुली तालुक्याच्या शाळेत जाऊ लागल्या का? गटातल्या दोघींनी वाचनालयात जावं, दोघींनी म्हाताऱ्या बायकांशी बोलावं, एकीनं वहीत लिहावं. पुढच्या बैठकीत ती वही सगळ्यांसमोर वाचा. चुकलं असेल ते गावच दुरुस्त करेल, आणि विसरलेलं कुणाला तरी नक्की आठवेल.