जुन्या लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवताना

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांत सात-आठ वर्षांचे लॅपटॉप अजूनही रोजच्या कामाला जुंपलेले असतात. दाखल्यांचे स्कॅन, पीकविम्याचे अर्ज, दुकानाचे हिशेब आणि घरचे फोटो यांनी १२८ किंवा २५६ जीबीची डिस्क भरते आणि यंत्र रेंगाळू लागते. नवा लॅपटॉप घेण्याआधी दुसरी एसएसडी बसवण्याचा पर्याय पाहण्यासारखा आहे.

जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपात अडकवलेली असते. त्यामुळे हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट वाचते, तर साटा प्रकारची एसएसडी ५०० च्या आसपास. मात्र एसएसडी काठोकाठ भरली तर तिचाही वेग घटतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवलेली बरी.

दुसरी एसएसडी बसते कुठे? काही लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची रिकामी खाच असते. तिथे च्युइंगगमच्या पट्टीएवढी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एसएसडी लागते. साटा आणि एनव्हीएमई हे तिचे दोन प्रकार दिसायला जवळपास सारखे असले, तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. खाच नसेल, पण डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून त्या जागी कॅडी नावाची चौकट बसवतात. ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर जाडीची असते, म्हणून आधी मोजमाप घ्यावे. डीव्हीडीची जोडणी काही यंत्रांत संथ असते. त्यामुळे विंडोज असलेली डिस्क मूळ जागीच ठेवून फाइल्ससाठीची डिस्क कॅडीत घालणे सोयीचे. खरेदीआधी लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक दुकानदाराला दाखवावा. यंत्र उघडण्यापूर्वी चार्जर काढून बॅटरीची जोडणी सोडवणे आवश्यक आहे.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी अनेकदा निकामी झालेली असते आणि यंत्र थेट विजेवर चालते. अशा वेळी वीज गेली की लॅपटॉप क्षणात बंद पडतो. एसएसडी त्या क्षणी काही लिहीत असेल तर फाइल बिघडू शकते, क्वचित डिस्कही दिसेनाशी होते. म्हणून एसएसडीच्या खर्चात चालू बॅटरीचा खर्चही धरावा.

विदर्भातल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. कप्प्यांतला विद्युतभार हळूहळू गळतो आणि उष्णतेने ही गळती वाढते. लेखनाची मर्यादा संपलेली एसएसडी विजेविना ३० अंश सेल्सिअसला ठेवली, तरी माहिती वर्षभर टिकावी, असे जेडेक या संस्थेचे मानक आहे. पारा ४० च्या पुढे गेला की ही मुदत घटते. जुनी, भरपूर वापरलेली एसएसडी कपाटात ठेवून वर्षानुवर्षे विसरणे म्हणूनच धोक्याचे.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे. दोन डिस्क झाल्या म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असे अनेकांना वाटते. पण लॅपटॉप चोरीला गेला, त्यावर पाणी सांडले किंवा व्हायरस शिरला, तर दोन्ही डिस्क एकदमच सापडतात. दोन्ही जोडून एकच मोठी डिस्क केली, तर एक बिघडताच सगळेच जाण्याची भीती. शिवाय एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळणे हार्डडिस्कपेक्षा अवघड असते, कारण रिकामे झालेले कप्पे ती स्वतःच साफ करून टाकते.

त्यामुळे महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत लॅपटॉपबाहेर, वेगळ्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर असावी आणि ती शक्यतो दुसऱ्या जागी ठेवावी. महिन्यातून एकदा ती जोडून नव्या फाइल्स उतरवाव्यात, दोन-चार जुन्या उघडूनही पाहाव्यात. ही प्रत तयार झाल्यावरच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा.