तेल बदला, पण मोजणार कधी?

हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्श 911 चं तेल घरी बदलायचं, तर आधी साध्या गाडीची सवय विसरावी लागते. उदाहरणार्थ, 1984 ते 1989 दरम्यानची 3.2 लिटरची कॅरेरा. हिचं बहुतेक तेल इंजिनाखालच्या पात्रात नसतं. उजव्या मागच्या चाकाजवळ वेगळी टाकी असते. त्यामुळे ड्रेन प्लग दोन : एक टाकीला, एक इंजिनाला. तेल गरम असतानाच काढावं आणि खाली चांगला मोठा ट्रे ठेवावा, कारण सुमारे 10 लिटर तेल बाहेर येतं. नेहमीच्या पाच लिटरच्या ट्रेने फरशीची वाट लागते.

प्लगचे वॉशर दर वेळी नवे. फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावून तो हातानेच आवळायचा. पान्याचा मोह टाळलेला बरा.

खरी गोम पातळी मोजण्यात आहे. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण तापलेलं आणि चालू हवं. थंड, बंद इंजिनात डिपस्टिक कोरडी दिसू शकते. नवखा माणूस घाबरून आणखी ओततो, मग जादा तेल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये शिरतं आणि मागून धुराचे लोट निघतात. म्हणून आधी आठेक लिटर भरावं, फेरफटका मारून इंजिन तापवावं, मग उरलेलं थोडंथोडं घालावं.

जुनं तेल गटारात नाही, डब्यात. तिथून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे.