पाणी मुरतं कुठे?

जुन्या वाड्याचं किंवा कौलारू घराचं जोतं नीट पाहिलं, तर ते बांधणाऱ्याने पाण्याशी कुस्ती मांडलेली दिसत नाही. घडीव काळ्या दगडाचं उंच जोतं, सांध्यांत घाणीवर मळलेला चुना, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून पुढे काढलेली वळचण आणि त्या पडतात तिथे उताराचा चर. कोकणातला जांभा तर पाणी पिणारा दगड, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर भिंतींना झापांचा आडोसा. पायाची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा तुंबलेला चर उपसणं आणि सांध्यातला झडलेला चुना पुन्हा भरणं. काम घराबाहेर चाले. गेल्या शंभर-एक वर्षांत ही दुरुस्ती हळूहळू घराच्या आत आली, आणि माझ्या मते ओल न हटण्याचं मूळ तिथेच आहे.

1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट बनू लागलं आणि पुढच्या काही दशकांत चुन्याची घाणी थांबली. सिमेंट मजबूत, झटपट, भाव ठरलेला; त्याला दोष देण्याचं कारण नाही. पण चुन्याच्या गिलाव्यातून जमिनीतली ओल वाळून जायची, तिला सिमेंटच्या गिलाव्याने आत कोंडलं. विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढणारं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. कमरेपर्यंत सिमेंट लिंपलं की पाणी छातीपर्यंत चढतं. तिथे रंगाला फुगे येतात आणि बोट फिरवलं तर पिठासारखा पांढरा लोणा हाताला लागतो. ही चढती ओल तोडायला जोत्यावर काँक्रीटचा थर, म्हणजे डीपीसी, घालू लागले. उपाय खरा होता. मात्र दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढत रस्ता वर आला, अंगणात भराव घालून फरशी बसली, आणि कित्येक घरांची डीपीसी जमिनीखाली गाडली गेली. थर शाबूत, पण पाणी त्याच्या डोक्यावरून आत.

त्यानंतरचा काळ रसायनांचा. आतून लेप, भिंतीला भोकं पाडून इंजेक्शन, भेगांत पॉलीयुरेथेन. यावर कुणी म्हणेल की जुनी घरंही ओलीच असत, पावसाळ्यात सारवलेली जमीन वाळत नसे. बरोबर आहे, त्या घरांना ओल नव्हती असं नाही, ती वाळायला वाव होता एवढंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तळघराचं काय? पुण्यात कातळ फोडून पार्किंग काढलं की तो खड्डा म्हणजे विहीरच. कातळाच्या भेगांतलं पाणी तिथे जमतं आणि तीन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला तीन टनांनी रेटतं. तिथे अडवण्यावाचून गत्यंतर नाही. पण तिथलं टिकाऊ काम कुठलं, तर बांधतानाच बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करणं. पाण्याचा दाब त्या फरशीला भिंतीवर घट्ट बसवतो. आतून लावलेल्या लेपाला तोच दाब सोलून काढतो. म्हणजे तळघराचा दाखलाही बाहेरच्याच बाजूने साक्ष देतो.

शहरात चर खणायला जागा कुठे, हेही खरं. तरी सोसायटीच्या भिंतीला टेकलेले मातीचे वाफे हलवणं, पावसाच्या पाण्याचा पाइप पायाशीच सुटत असेल तर तो गटारापर्यंत नेणं, फरशीचा उतार भिंतीकडून बाहेर करणं याला फारशी जागा लागत नाही. ही कामं होत नाहीत त्याचं कारण मला हिशेबाच्या रीतीत दिसतं. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन चौरस फुटावर येतं. भिंत मोजता येते, लेपाला हमीपत्र मिळतं. पाइप चार फूट पुढे सरकवायला गवंड्याची एक दुपार पुरते, आणि त्या दुपारचं कोटेशन कुणी देत नाही.