लग्नाची व्हिडिओ कॅसेट मोबाइलवर आणायचीय? आधी रिसिव्हरच्या मागे डोकवा

लग्न, मुंज, बारसं... ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कार्यक्रमांच्या व्हीएचएस कॅसेट अजूनही अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत. त्या चालवणारे व्हीसीआर मात्र आता बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे घरातला व्हीसीआर चालू आहे तोवर त्या टेपवरचा आजीचा आवाज फाइलमध्ये उतरवून घेतलेला बरा. घरात जुना होम थिएटर रिसिव्हर असेल तर हे काम त्याच्यामार्फत छान होतं. फक्त वायर योग्य पिनमध्ये हवी.

कोणती पिन शोधायची?

टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, डेक आणि स्पीकर ज्या डब्याला येऊन मिळतात, तो रिसिव्हर. साउंडबारमध्ये किंवा डीव्हीडीसकट एकाच संचात मिळणाऱ्या होम थिएटरमध्ये ही सोय बहुधा नसते, नव्या रिसिव्हरमधूनही ती कमी होत चालली आहे. मागच्या पिनांच्या गर्दीत 'टेप आउट', 'रेक आउट' किंवा 'व्हीसीआर आउट' असं कुठे लिहिलंय का ते बघा.

रिसिव्हरवर तुम्ही जे उपकरण निवडाल, त्याचा सिग्नल या पिनमधून जसाच्या तसा बाहेर पडतो. आवाज वाढवा, कमी करा, बास फिरवा, रेकॉर्डिंगमध्ये फरक पडत नाही. रात्री स्पीकर गप्प ठेवूनही काम चालू राहतं.

शेजारची 'प्री आउट' दिसायला तशीच असते, पण तिथला सिग्नल व्हॉल्यूमसोबत कमी-जास्त होतो. हेडफोनच्या सॉकेटचंही तेच. आणि स्पीकरची वायर तोडून लॅपटॉपच्या माइकला जोडण्याचा जुगाड तर नकोच. स्पीकरला जाणारा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो, लॅपटॉपचा ऑडिओ भाग कायमचा जाऊ शकतो.

जोडणी अशी

व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायर रिसिव्हरच्या इनपुटला. 'रेक आउट'च्या तशाच तीन वायर यूएसबी कॅप्चर डोंगलला आणि डोंगल लॅपटॉपला. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. एकच कॅसेट उतरवायची असेल तर खरं सांगायचं म्हणजे रिसिव्हरची गरजच नाही, व्हीसीआर थेट डोंगलला लावा. पण व्हीसीआर, डेक, टर्नटेबल असं सगळं असेल तर दर वेळी वायरी बदलण्यापेक्षा रिसिव्हरचं एक बटण बरं.

चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर-खाली सरकत राहिलं, तर कॅसेटला दोष देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडलेली असते, आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या. तिथे पाल, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम असं निवडा. तीन तासांच्या टेपला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. ५ एमबीपीएस वेगाने अशी फाइल साधारण ७ जीबी होते.

गाण्यांच्या किंवा घरगुती बोलण्याच्या ऑडिओ कॅसेटसाठी ऑडॅसिटी वापरा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. एकदा आवाज फाटला की नंतर दुरुस्त होत नाही. मागे सतत घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. एलपी रेकॉर्डसाठी रिसिव्हरला 'फोनो' इनपुट असेल तर टर्नटेबल तिथेच लावा. सुईचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, तो वाढवण्याचं आणि त्यातला बास-ट्रेबलचा तोल सावरण्याचं काम तिथे होतं.

एचडीएमआयचा आवाज का येत नाही?

सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडला की टीव्हीवर सगळं दिसतं, पण 'रेक आउट' मुकी राहते. बहुतेक रिसिव्हर डिजिटल सिग्नल या ॲनालॉग पिनकडे पाठवतच नाहीत. त्यात एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं कॉपीविरोधी कुलूपही असतं. ते तोडायच्या फंदात पडू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार हक्कभंगासाठी असं कुलूप तोडणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. विकत आणलेल्या सिनेमाच्या कॅसेटचं चित्र रेकॉर्ड करताना उजळ-अंधूक होत असेल, तर तिथेही असाच बंदोबस्त केलेला असतो. घरच्या लग्नाच्या कॅसेटला ही अडचण नाही.

बुरशी दिसली तर थांबा

मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपवर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. गुंडाळलेल्या टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. अशी टेप साफ करून देणाऱ्याकडेच न्या. चांगल्या दिसणाऱ्यांपैकीही आधी कमी महत्त्वाची लावा, दोन मिनिटं रेकॉर्ड करून लॅपटॉपवर चित्र आणि दोन्ही बाजूंचा आवाज तपासा. लग्नाची कॅसेट त्यानंतर.